पडून राहिलं की जास्त दुखतं
आज कोडिंगवर नाही, माझ्या कंबरेवर बोलायचंय.

चोवीस वर्षांचा होतो. पहाटे तीन-चारला कंबरदुखीने जाग यायची. सकाळी मोजे घालायला वाकता यायचं नाही. आई म्हणायची, "सारखा लॅपटॉपसमोर बसतोस, जरा पडून राहा." पण पडून राहिलो की दुखणं वाढायचं, चाललो की कमी व्हायचं. हीच तर खूण होती! तीन वर्षांनी संधिवाततज्ज्ञांनी नाव सांगितलं: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. यात मणक्याच्या सांध्यांना सूज येते. आजार पूर्ण जात नाही; औषधं आणि रोजचा व्यायाम, दोन्ही लागतात.

पण अंग आखडलेलं असताना उठवणार कोण? याच आजाराच्या लोकांचा आमचा टेलिग्राम ग्रुप आहे. सकाळी सहाला कुणीतरी लिहितं, "उठलो." मग मीही उठतो. गरम पाण्याने अंघोळ, वीस मिनिटं स्ट्रेचिंग, आणि मेसेज: "झालं." कधी "आज पाचच मिनिटं जमली," तरी कुणी लेक्चर देत नाही.

गेल्या पावसाळ्यात डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. मला वाटलं, डोळे आले. ग्रुपमधल्या एका ताईने दटावलं, "आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा." युव्हायटिस निघाला. वेळेत गेलो म्हणून निभावलं. गोळ्यांचा डोस मात्र ग्रुपवर कुणी सांगायचा नाही, हा आमचा नियम.

तुमचीही कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखतेय, आणि आराम केला की वाढतेय? संधिवाततज्ज्ञांना दाखवाच. भेटूया पुढच्या भागात!