शहराची हद्द आणि पाण्याची हद्द

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



‘नागरीकरण, जागतिकीकरण आणि टिकाऊ शहरे’ असा भारदस्त विषय आपण मला दिला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली जी सतरा उद्दिष्टे स्वीकारली, त्यांतील अकरावे उद्दिष्ट शहरे टिकाऊ करण्याचे आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने ‘स्मार्ट सिटी’ योजना काढली आणि २०१६ च्या पहिल्या यादीत पुण्याला दुसरे स्थान मिळाले. परंतु एखादे शहर टिकाऊ आहे की नाही, हे त्या शहरात उभे राहून कळत नाही. त्यासाठी पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागावे आणि इंदापूर तालुक्यात उतरावे. म्हणून मी आज इंदापूर आणि शेजारचे बारामती यांच्याविषयीच बोलणार आहे.

इंदापूरचे पुण्याशी नाते दुहेरी आहे. खडकवासल्याचा नवा उजवा कालवा हवेली आणि दौंड ओलांडून, सुमारे दोनशे किलोमीटरची मजल मारून इंदापूर तालुक्यात संपतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी मावते. ते शेतीचेही आहे आणि पुण्याच्या पिण्याचेही. १९५१ साली पाच लाखांच्या आत असलेली पुणे शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत एकतीस लाखांवर गेली. त्याबरोबर या पाण्यातील शहराचा वाटाही वाढत गेला आणि निम्म्याच्या पुढे पोचला. तुटवडा पडला की कालव्याचे शेपूट आधी सुकते, आणि हे शेपूट इंदापुरात आहे.

नात्याची दुसरी बाजू अधिक कडू आहे. पुण्याने वापरलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात येते. त्यात पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याचीही भर पडते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत तालुक्यांतील गावे पोटात घेतली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार ओसरले की अजूनही वर येते. ज्यांनी धरणासाठी घरदार सोडले, त्यांच्याच नव्या गावठाणांपुढे आज महानगराचे मैले पाणी साचते. जलपर्णी पसरते, देशी मासे दुर्मीळ होतात आणि भिगवणच्या बाजारात चिलापीचे राज्य चालते. भोई समाजाच्या माणसाला ‘नागरीकरणाचे दुष्परिणाम’ समजावून सांगण्याची गरज नाही. ते त्याच्या जाळ्यातच येतात.

या विषमतेचे टोक २०२१ साली दिसले. उजनीत येणाऱ्या सांडपाण्याच्या हिशेबात इंदापूरला पाच अब्ज घनफूट पाणी देण्याचा निर्णय शासनाने घेतला. सोलापूर जिल्ह्यात संतापाची लाट उसळली आणि काही आठवड्यांतच तो निर्णय रद्द झाला. पुण्याने वापरून टाकलेल्या पाण्यासाठी दोन दुष्काळी भागांतील शेतकरी एकमेकांसमोर उभे ठाकले आणि ज्या शहराने पाणी वापरले, ते या भांडणात कोठेच नव्हते! सोलापूरचा शेतकरी इंदापूरच्या शेतकऱ्याचा वैरी नाही. दोघेही एकाच खोऱ्याच्या उतरंडीवर खालच्या पायरीला बसले आहेत.

शहराने पाणी शुद्ध करून परत द्यावे हे तत्त्व काही नवे नाही. मुंढव्याला जॅकवेल बांधून साडेसहा अब्ज घनफूट प्रक्रिया केलेले पाणी कालव्यात सोडण्याची योजना आहे. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जसाहाय्याची सुमारे ९९० कोटी रुपयांची योजनाही मंजूर झाली. पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायला पाच-सहा वर्षे गेली. कर्ज टोकियोहून येऊ शकते. शेपटाच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मात्र शंभर मैलांवरच्या महापालिकेत पोचत नाही, कारण तो तिचा मतदार नाही. प्रश्नाचे मूळ येथे आहे. महापालिकेची हद्द नकाशावर संपते. तिच्या पाण्याची आणि मैल्याची हद्द उजनीपर्यंत जाते.

यावरून कोणी गाव विरुद्ध शहर असा झेंडा उभारील तर ती फसवणूक ठरेल. पुण्याच्या कडेच्या वस्त्यांत टँकरची वाट पाहणारी बाई आपल्याच खेड्यांतून तेथे गेलेली आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे पुण्याचा कचरा सोसला. शहराचा लाभ घेणारे आणि त्याचा भार वाहणारे, हे दोन्ही वर्ग शहरातही आहेत आणि खेड्यातही.

आता बारामतीकडे पाहा. मोरोपंतांचे हे कऱ्हाकाठचे गाव आज उद्योगनगर झाले आहे. इटलीतील एका कंपनीच्या तीनचाकी रिक्षा येथे तयार होतात, दुसरीची चॉकलेटे. जागतिक भांडवल येथे आले, कारण शासनाने जमीन, वीज, रस्ता आणि पाणी सिद्ध ठेवले होते. रोजगार मिळाला हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच तालुक्यात एकोणिसाव्या शतकात आलेल्या नीरा डाव्या कालव्याखाली ऊस डोलतो आणि मोरगाव-सुप्याकडील जिरायत गावे टँकरची वाट पाहतात. कालव्याच्या इंदापूरकडील शेपटावरची बावीस गावेही हक्काच्या पाण्यासाठी झगडत आली आहेत. पुण्याने इंदापूरशी जे केले, तेच हे बागायती पट्टे आपल्या जिरायत भावंडांशी करीत आहेत. २०११ साली पाणीवाटपात उद्योगाच्या आधी शेतीला स्थान देण्याचा निर्णय शासनाने घेतला, तो योग्यच होता. पण ‘शेती’ म्हणजे कोणाची शेती, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

याच भूमीत एक जुना धडा आहे. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी नीरेकाठी साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. शिस्तबद्ध, स्वयंपूर्ण अशी ती औद्योगिक वसाहत होती. पण तिच्या उसासाठी हजारो एकर जमीन शेतकऱ्यांकडून खंडाने घेतली गेली, आणि कमाल जमीनधारणा कायद्यानंतर ती शेती महामंडळाकडे गेली. नगर उभे राहिले. जमीन देणाऱ्याला त्या नगराच्या कारभारात जागा मिळाली नाही. ऊसतोडीला आलेल्या मजुराला तर आजही कोपीपलीकडे पत्ता नाही.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? माझ्या मते तीन कामे तातडीची आहेत. पहिले, हिशेबाचे. धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी करून शहर आकड्यांत उभे केले. तशी पाहणी बारामती आणि इंदापूरची व्हावी: किती पाणी येते, कोण वापरते, किती शुद्ध होऊन नदीत जाते. हे आकडे ग्रामसभेत वाचले जावेत. दुसरे काम कायद्याचे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आहे, आणि पुण्याच्या पाणीवापराविरुद्ध शेतकऱ्यांनी त्या प्राधिकरणाचे दारही ठोठावले आहे. एकट्यादुकट्याच्या या लढ्यामागे संघटना उभी राहिली पाहिजे. तिसरे काम सर्वांत अवघड. भीमा-नीरा खोऱ्यातील महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांना एका मेजावर बसवणारी लोकनियुक्त रचना आपण मागितली पाहिजे, आणि तीत शेपटाच्या गावाचे मत माथ्याच्या शहराइतकेच मोजले गेले पाहिजे.

बारामती आणि इंदापूर आज पुण्याची तक्रार करतात. उद्या ती स्वतः मोठी शहरे होतील आणि त्यांच्याही खाली कोणीतरी राहत असेल. कऱ्हा आणि नीरा आजच स्वच्छ राखल्या, मजुराला आजच घर दिले, जिरायत गावाला आजच वाटा दिला, तरच आपल्याला पुण्याकडे जाब मागण्याचा नैतिक अधिकार राहील. टिकाऊ शहराची कसोटी त्याच्या चौकातील दिव्यांवर लागत नाही. नदीच्या खालच्या वळणावरचे गाव त्या शहराविषयी काय बोलते, हे ऐकावे. निकाल तेथे मिळतो.