घरातील इंधनाचा हिशोब: हिवाळ्यात अंघोळीचे पाणी किती रुपयांचे?
(वर्धा जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



एकरी लागवडीचा खर्च आपण काढतो. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, सारे वहीत असते. घरातील इंधनाचा खर्च मात्र वहीत येत नाही. वर्धा हे अशा हिशोबाचे जुने गाव आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ येथेच स्थापन झाला आणि डॉ. जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत बसून खेड्यातील साधनांचा बारकाईने विचार केला. त्याच वाटेने आज चुलीचा आणि न्हाणीचा हिशोब करू.

सिलिंडरचे वजन करा

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळील पट्टीवर लिहिलेले असते. कापूस मोजण्याचा काटा आपल्या घरी असतोच. रेग्युलेटर बंद करून काढावा, टाकीला टोपण लावावे आणि ती उभीच ठेवून वजन करावे. आठ दिवसांनी पुन्हा करावे. वजनातील घट भागिले आठ, हा आपला रोजचा वापर. सिलिंडरच्या किमतीला १४.२ ने भागले की किलोचा भाव कळतो. समजा सिलिंडर ९०० रुपयांचा आहे, तर किलोला सुमारे ६३ रुपये पडतात. आपल्या पावतीवरील आकडा घालून हाच हिशोब करावा.

अंघोळीचे पाणी

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. घरात पाच माणसे, प्रत्येकी २० लिटर, म्हणजे १०० लिटर पाणी. डिसेंबरात टाकीतील पाणी पहाटे १७ अंशांवर असेल आणि ते ४२ अंशांपर्यंत न्यायचे असेल, तर २५०० किलोकॅलरी लागतील. एक किलो गॅसमध्ये सुमारे १०,८०० किलोकॅलरी असतात. त्यांपैकी साधारण ६० टक्के पाण्याला मिळतात, बाकी वाया जातात. म्हणजे रोज सुमारे ३८५ ग्रॅम गॅस, वरच्या भावाने २४ रुपये. एक पूर्ण सिलिंडर नुसत्या अंघोळीत ३७ दिवसांत संपतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या १२० दिवसांत सव्वातीन सिलिंडर होतात. हेच पाणी विजेच्या रॉडने तापविल्यास रोज सुमारे तीन युनिट लागतील. बिलावरील दराने गुणून पाहावे आणि स्वस्त ते निवडावे.

येथे एक बिनखर्चाचा उपाय आहे. विहिरीचे ताजे पाणी हिवाळ्यातही कोमट असते, टाकीतले रात्रभर गार होते. ताजे पाणी २५ अंशांचे मिळाले तर २५ ऐवजी १७ अंशच तापवावे लागते. चार महिन्यांत एक सिलिंडर वाचतो. पाणी तापविताना गंजावर झाकण ठेवावे. उन्हात ठेवलेला काळा ड्रम किंवा सौर बंब असेल आणि अंघोळ सायंकाळी करता येत असेल, तर गॅस जवळजवळ लागतच नाही. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर मात्र लावू नये. त्याच्या विषारी वायूला वास नसतो व त्याने माणूस दगावतो.

पऱ्हाट्या की तुराट्या?

सरपण फुकट मिळते असे आपण समजतो. साध्या चुलीत सरपणाची दहा-बारा टक्केच उष्णता भांड्याला मिळते. वरील १०० लिटर पाण्यासाठी सहा ते सात किलो वाळलेल्या पऱ्हाट्या जातात, म्हणजे हिवाळाभर सुमारे आठ क्विंटल. बंबात यापेक्षा कमी लागतात.

परंतु पऱ्हाटी उपटली जाते हिवाळ्याच्या शेवटी. पुढच्या थंडीसाठी गंजी रचली की तिच्यातील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. २०१७ साली विदर्भाने या अळीचा तडाखा सोसला आहे. दोन सिलिंडर वाचविताना कपाशीची बोंडे गमावणे परवडणारे नाही. म्हणून:

१. पऱ्हाट्या घरी आणण्यापूर्वी उरलेली बोंडे तोडून नष्ट करावीत.
२. पऱ्हाट्या उन्हाळ्यातच स्वयंपाकाला वापरून पेरणीपूर्वी संपवाव्यात.
३. पुढच्या हिवाळ्यासाठी तुराट्या साठवाव्यात.
४. गरजेपेक्षा जास्त पऱ्हाट्या धुऱ्यावर न जाळता यंत्राने बारीक करून कंपोस्ट करावे किंवा जमिनीत मिसळाव्यात.

शेण चुलीत घालू नका

ज्यांच्याकडे पाच जनावरे आहेत, त्यांना रोज सुमारे ५० किलो शेण मिळते. दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला ते पुरते. एक घनमीटर गोबरगॅस सुमारे ४३० ग्रॅम सिलिंडर-गॅसचे काम करतो. थंडीत गॅस कमी मिळतो, हे धरूनच बेत करावा. गोवरी जाळली की तिच्यातील नत्र धुराबरोबर जाते. संयंत्रातून मात्र गॅसही मिळतो आणि नत्रासह मळी शेताला परत मिळते. कोरडवाहू जमिनीला हा फायदा इंधनाइतकाच मोलाचा आहे.

हा हिशोब एकट्या कारभाऱ्याने करू नये. चूल कोण पेटवते, धूर कोण गिळते, सरपण कोण वाहून आणते, हे घरातील भगिनींना विचारावे आणि वही त्यांच्यासोबत भरावी. येत्या आठवड्यात सिलिंडर काट्यावर ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.