काडीवर वळलेली चिलीम

दुपारची भांडी झाली असतील. कुणी तांदूळ निवडत असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हात चालू द्या, कान तेवढा इकडं द्या.

आम्ही कुंभारवाड्यातल्या नऊ जणी. आमचा बचत गट आहे. आज आम्ही चिलमीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. चिलमीवर बायका काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. चिलीम ओढत आले ते गडी, पण आमच्या घरांत ती वळत आल्या बायकाच.

त्याचं कारण सांगतो. कुंभाराच्या घरात माती चाळायची बाईनं, भिजवायची बाईनं, तुडवायची बाईनं, गेरू लावायचा बाईनं. चाकाला मात्र बाईनं हात लावायचा नाही, अशी जुनी रीत. चिलमीला चाक लागतंच असं नाही. ती काडीवरही वळता येते. म्हणून आमच्या सासवा दुपारी उसंत मिळाली की ओट्यावर बसायच्या आणि गप्पा मारता मारता पाच-दहा चिलमी वळायच्या. बाजारात घडे विकले की पैसे मालकाच्या खिशात जायचे. चिलमीचे चार पैसे मात्र सासूबाईंच्या चंचीत राहायचे, आणि त्याचा हिशेब कुणी मागायचं नाही. लेकीच्या बांगड्या, माहेरी जायचं एसटीचं तिकीट, सगळं त्या चंचीतून निघायचं. बाईच्या हक्काचा तो एवढाच पैसा होता.

पुढं बिडी आली, सिगारेट आली, चिलमीला गिऱ्हाईक उरलं नाही. चंची रिकामी झाली. पण हाताला लागलेली सवय जात नाही. आम्हीसुद्धा सासवांचं बघून शिकलो, आणि विकायचं नसलं तरी मन रमतं म्हणून वळत राहिलो. कुणी लोकर विणतं, कुणी मण्यांची तोरणं करतं, तसं आमचं हे.

कशी वळायची ते ऐका. तळ्यातला गाळ आणून वाळवायचा, कुटायचा आणि बारीक चाळणीनं चाळायचा. घड्याला थोडा खडा चालतो, चिलमीला चालत नाही. माती रात्रभर भिजवायची आणि सकाळी कणकेसारखी मळायची. बोटाला चिकटली नाही आणि वाकवल्यावर चिरली नाही, म्हणजे माती झाली. मग बाभळीची एक काडी घ्यायची, एका टोकाला बारीक, दुसऱ्याला जाड, तासून गुळगुळीत केलेली. तिला कोरडी राख चोळायची, नाहीतर माती धरून बसते. लिंबाएवढा गोळा काडीवर चढवायचा आणि पाटावर शेंगोळ्यासारखा वळायचा. दाब दोन्ही हातांचा सारखा पाहिजे. एका बाजूला जास्त पडला की भिंत पातळ होते आणि तिथंच ती भाजताना उकलते.

आता खरी मेख. काडी वेळेवर काढायची. माती वाळताना आकसते, काडी काही आकसत नाही. काडी आत राहिली तर चिलीम तिच्याभोवती तडकते. फार लवकर काढली तर नळी बसते. म्हणून माती जरा घट्ट झाली की काडी फिरवत फिरवत हळूच ओढायची. ही वेळ कोणती, ते तोंडानं सांगता येत नाही, बोटालाच कळतं. मग अंगठ्यानं तोंड रुंद करायचं, दोन दिवस सावलीत ठेवायची, अर्धी वाळली की नदीतल्या गुळगुळीत दगडानं घोटायची. गेरूचा हात द्यायचा. आव्यात मोठ्या घड्यांच्या पोटात चिलमी ठेवल्या की वेगळं सरपण लागत नाही. ओली मात्र ठेवायची नाही. आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटते, सोबत शेजारचीही फोडते.

एक गंमतही सांगतो. तंबाखू आपल्याकडची नव्हेच. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. विजापूर आपल्या शेजारचंच. १६०४च्या सुमाराला अकबर बादशहाचा असद बेग नावाचा माणूस विजापूरला गेला होता. त्यानं तिथून तंबाखू आणि ती ओढायची नळी नेली आणि बादशहापुढं ठेवली. बादशहानं दोन-चार झुरके घेतले. त्याच्या वैद्यानं मात्र तेव्हाच अडवलं, की ही वस्तू आपल्या माहितीची नाही, घेऊ नका. त्या वैद्याचं ऐकलं असतं तर आज आम्हाला हे बोलावं लागलं नसतं.

का बोलावं लागलं, ते आता सांगतो. दोन वर्षांमागं दिवाळीच्या आधी एक व्यापारी आमच्या ओट्याशी आला. काडीवरच्या चिलमी त्यानं हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाला, "पाचशे द्या. नगाला बारा रुपये." म्हणजे सहा हजार रुपये. गटाच्या कर्जाचा हप्ता तोंडावर होता. आम्ही विचारलं, एवढ्या चिलमी कोण घेणार? तो हसला. म्हणाला, "घेणारी तरणी पोरं आहेत. ती काय भरतात, ते तुम्हाला कशाला?"

त्या रात्री गटाची बैठक बसली, आणि आमच्यात चांगलीच जुंपली. एक जण म्हणाली, "लोहार विळा करतो. त्या विळ्यानं कुणी गवत कापेल, कुणी माणूस कापेल. त्यात लोहाराचं काय चुकलं?" तिचं बोलणं आम्हाला खोडता येईना. दुसरी म्हणाली, "विळ्यानं गवत तरी कापता येतं. चिलमीत तंबाखू नाहीतर गांजा, तिसरं काय भरणार?" गांजाला तर १९८५च्या कायद्यानं बंदी आहे. तिसरी काहीच बोलली नाही. तिचा नवरा खोकून खोकून गेला, तो तिनंच वळलेली चिलीम ओढायचा. ती नुसती चिलमीकडं बघत बसली.

शेवटी आम्ही नाही म्हणायचं ठरवत आणलं. तेवढ्यात थोरल्या आत्याबाई बोलल्या. "पोरींनो, व्यापाऱ्याला नाही म्हणताय, चांगलं आहे. पण उद्या सकाळी उठून काय कराल? मिश्रीच घासाल ना?"

बायांनो, सगळ्या गप्प झालो. कारण नऊ जणींत सात जणी मिश्री लावत होतो. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबीत भरायची. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं उतरत नाही, शेतात पाय उचलत नाही. आम्ही कधी तिला व्यसन म्हटलंच नाही. चिलीम ओढतो तो व्यसनी, आणि आम्ही दात घासतो, असं आमचं चाललं होतं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंडाचा कॅन्सर तिच्यानंही होतो. गरोदर बाई लावत असेल तर पोटातल्या बाळापर्यंत ती जाते. मुंबईतल्या बाराशेवर गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली छापून आला. मिश्रीसारखी तंबाखू लावणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी शंभर ग्रॅमनं कमी भरलं होतं. आपलं बाळ अडीच किलोला टेकावं म्हणून आपण खारका खातो, डिंकाचे लाडू खातो, आणि सकाळी मिश्री लावून तेच वजन घालवतो.

व्यापाऱ्याला आम्ही नाही कळवलं. हप्ता भरायला त्या महिन्यात दोघींनी खुरपायला जादा दिवस घातले, एकीनं शेळी विकली. ती शेळी आम्हाला अजून आठवते. आणि सात जणींनी डब्या आणून आत्याबाईंपुढं ठेवल्या.

सातही जणींची सुटली असं सांगितलं तर खोटं होईल. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. डोकं ठणकायचं, पोरांवर विनाकारण ओरडायचो. दोघींनी पंधरा दिवसांत पुन्हा डबी काढली. मग आम्ही त्यांना बोल लावायचं सोडलं आणि सोबतीला बसायचं धरलं. तलफ येते ती सकाळी आणि दुपारी जेवणानंतर. त्या वेळी हात रिकामा ठेवायचा नाही, हे आम्हाला कळलं. सकाळी शेजारणीला हाक मारायची, दोघींनी मिळून झाडलोट करायची, तोंडात बडीशेप नाहीतर भाजलेलं जवस टाकायचं. दुपारी ओट्यावर माती घेऊन बसायचं. आज पाच जणींची पुरती सुटली आहे. एकीची कमी झाली आहे. एक अजून झगडते आहे, तिची आम्ही वाट बघतो.

तुम्ही विचाराल, मातीचं काय वळता मग? तेही एका पोरामुळं सापडलं. आमच्या ढिगात एक वाया गेलेली चिलीम होती, तिची नळी वळतानाच बुजली होती. पोरानं ती तुळशीच्या कुंडीत टोकावर रोवली आणि खेळता खेळता पाण्यानं भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर माती अजून ओली. भाजलेली कच्ची माती पाणी झिरपू देते, म्हणून तर माठात पाणी गार होतं. तसंच ते पाणी हळूहळू मुळाशी उतरलं होतं. तेव्हापासून आम्ही त्याच काडीवर तीच चिलीम वळतो, फक्त टोक बंद ठेवतो आणि तोंड जरा मोठं करतो. माहेरी दोन दिवस जायचं असेल तर भरून ठेवावी, तोंडावर खापरी झाकावी, तुळस कोमेजत नाही. गेरू मात्र बाहेरून लावू नका, घोटूही नका. भोकं बुजली की पाणी झिरपत नाही.

यातून फार पैसा सुटतो असं नाही. आठवडी बाजारात दहा-बारा जातात. पण त्याचे पैसे पुन्हा चंचीत पडतात, आणि आता त्या चंचीत तंबाखू नाही.

जाता जाता एक नंबर सांगतो, पेन घ्या. तंबाखू सोडायची असेल तर सरकारचा फोन आहे, पैसे पडत नाहीत: १८०० ११ २३५६. लाजू नका, दोघी मिळून फोन लावा. आणि तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की एकदा एकमेकींना विचारा, डबी कुणाकुणाकडं आहे?

आता रजा घेतो. रामराम.