परीक्षेचे नियम आणि आपली मुले

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



विद्यापीठाच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाळावयाचे नियम, या विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आमचे स्वतःचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. तेव्हा पदवीच्या परीक्षेविषयी आम्ही काय सांगावे, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती रास्तच म्हणावी लागेल. परंतु परीक्षेच्या दालनात दोन बाजू असतात. एक बाकावर बसणाऱ्याची आणि दुसरी बाकांच्या रांगांमधून फिरणाऱ्याची. या दुसऱ्या बाजूने आम्ही पुष्कळ वर्षे फिरलो आहोत, आणि सेवानिवृत्तीनंतरही महाविद्यालयात जाणारी आपली मुले-मुली अर्जाचे आणि निकालाचे कागद घेऊन आमच्या ओसरीवर येतात. त्या अनुभवावरून जे उमगले तेच आपणांपुढे ठेवतो.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, पदवीची परीक्षा आपल्या बीड जिल्ह्याच्या दारात आली त्याला फार काळ लोटलेला नाही. निजामी राजवटीत पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले आणि त्याचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने इतिहास आणि गणितही उर्दूतून लिहावयाचे! १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईस येऊन तेथील योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. पण तेथे शिकलेल्या मुलांनी पुढे जावे कोठे, हा प्रश्न उरलाच होता. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. १९९४ साली त्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले. आपला जिल्हा मात्र छत्रपती संभाजीनगर, जालना आणि धाराशिव यांच्यासह जुन्याच विद्यापीठाकडे राहिला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, जी गोष्ट मिळविण्यास आपल्या वाडवडिलांच्या दोन पिढ्या गेल्या, तिचे मोल तिच्या नियमांत आहे. आपल्या समाजात ज्यांच्याकडे बागायत आहे, दुकान आहे, मुंबई-पुण्याला आप्त आहेत अशी घरे थोडी. बहुतेकांकडे कोरडवाहू जमिनीचा तुकडा, आणि काहींकडे तोही नाही. अशा घरच्या मुलाला नोकरीच्या दारात कोणी विचारत नाही, बँकेच्या दारात तारण मागतात, कचेरीत ओळख मागतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर मात्र त्याचे नाव नसते, आडनाव नसते, गाव नसते आणि जातही नसते. असतो तो केवळ बैठक क्रमांक, आणि तोही तपासणाऱ्याच्या दृष्टीस पडू नये अशी व्यवस्था केलेली असते. कारखानदाराचा मुलगा आणि ऊसतोड मजुराची मुलगी यांना एकाच तराजूत तोलणारी अशी जागा या संसारात दुसरी कोणती आहे? आम्हांस तरी दिसलेली नाही. परीक्षेचे नियम म्हणजे या तराजूची दांडी होय. ती वाकली की पहिले नुकसान निर्धनाचे होते.

आता नियमांकडे वळू. ते तीन टप्प्यांत सांगतो.

पहिला टप्पा परीक्षेपूर्वीचा. परीक्षेचा अर्ज मुदतीत भरणे हा पहिला नियम. मुदत टळल्यास विलंब शुल्क पडते आणि तीही मुदत टळल्यास ते सत्र हातचे जाते. आपल्या जिल्ह्यात याचे दुःख निराळेच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली घरे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. हिवाळी आणि उन्हाळी या दोन्ही सत्रांचे अर्ज व परीक्षा बहुधा याच हंगामाच्या आगेमागे येतात. आमच्या परिचयातील एक विद्यार्थिनी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी आईबापांबरोबर फडावर गेली. अर्जाची सूचना मोबाइलवर आली, परंतु तो मोबाइल वडिलांच्या खिशात, आणि वडील रात्रंदिवस उसाच्या गाडीबरोबर. सूचना वाचली तेव्हा शेवटची तारीख उलटून गेली होती. मुलगी हुशार, अभ्यास झालेला. तरी तिचे एक सत्र गेले. ती नापास झाली नव्हती की तिने काही गैर केले नव्हते. एका तारखेने तिचे सहा महिने नेले.

म्हणून सांगतो : अर्जाची तारीख, शुल्काची पावती आणि प्रवेशपत्र या तीन गोष्टी घरातील एका तरी वडीलधाऱ्याने लिहून ठेवाव्यात. प्रवेशपत्र हाती येताच त्यावरील नाव, छायाचित्र, विषय आणि केंद्र पडताळून पाहावे. नावातील एका अक्षराची चूक आज क्षुल्लक वाटते. पुढे पदवी प्रमाणपत्रावर तीच उमटली की कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. वर्गातील हजेरीचीही अट असते. हजेरी भरली नाही तर अर्ज अडतो, हे विसरू नये.

दुसरा टप्पा दालनातील. परीक्षार्थीने वेळेपूर्वी अर्धा तास तरी केंद्रावर असावे. गेवराईहून वा आष्टीहून येणाऱ्याने पहिल्या एस. टी.वर भिस्त ठेवून निघावे, शेवटच्या नव्हे. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र जवळ असावे. मोबाइल, मनगटावरचे इलेक्ट्रॉनिक घड्याळ ज्याला स्मार्ट वॉच म्हणतात ते, चिठ्ठी, पुस्तक यांपैकी काहीही जवळ नसावे. मोबाइल बंद होता, तो पाहिलाच नाही, ही सबब चालत नाही. तो जवळ असणे हाच दोष ठरतो. जागेवर बसताच बाक, खण आणि स्वतःचा खिसा तपासावा. बाकावर आधीच काही लिहिलेले आढळल्यास तत्काळ पर्यवेक्षकास दाखवावे. शेजाऱ्याशी बोलू नये, प्रश्नपत्रिकेवर उत्तरे टिपू नयेत, निळ्या वा काळ्या शाईखेरीज अन्य शाई वापरू नये. पुरवणी घेतल्यास तिचा क्रमांक नोंदवावा आणि ती मुख्य उत्तरपत्रिकेस नीट बांधावी. उत्तरपत्रिकेचे पान फाडू नये आणि ती पर्यवेक्षकाच्या हाती दिल्याखेरीज जागा सोडू नये.

यातील एका नियमाविषयी विशेष सांगावेसे वाटते. बैठक क्रमांक नेमून दिलेल्या जागीच लिहावा. अन्यत्र नाव, सही, देवाचे नाव, फोन क्रमांक अथवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण करू नये. तपासनिसास उद्देशून विनंती लिहू नये. पुष्कळ मुले भाबडेपणाने शेवटच्या पानावर लिहितात, ‘सर, घरची परिस्थिती बिकट आहे, पास करा.’ वाचून कोणाचेही मन द्रवेल, पण तो गैरप्रकारच ठरतो, आणि ते योग्यही आहे. आज बिकट परिस्थिती लिहून गुण मिळू लागले, तर उद्या कोणी वजनदार आडनाव लिहील आणि त्यासही गुण मिळतील. उत्तरपत्रिकेचे मुखपृष्ठ झाकलेले आहे ते आपल्याच रक्षणासाठी. आपल्या हाताने ते उघडू नये.

नकलेविषयी दोन शब्द कठोरपणे बोलणे भाग आहे. परीक्षेतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेस बसणे ही तोतयेगिरीची फसवणूक असून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तिला ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. विद्यापीठाची शिक्षा याहून निराळी. त्या परीक्षेतील संपादणूक रद्द होते आणि दोष गंभीर असल्यास पुढील परीक्षांनाही बसता येत नाही.

‘सगळेच करतात, मग आमच्या मुलानेच का मागे राहावे?’ असे पालक विचारतात. याचे उत्तर मे २०१७ मधील एका घटनेत आहे. औरंगाबाद शहरात अभियांत्रिकीची परीक्षा झाल्यानंतर काही विद्यार्थी एका खासगी घरी बसून त्याच उत्तरपत्रिका पुन्हा लिहीत असताना पोलिसांना सापडले. विचार करा, अशी सोय कोणाला परवडते? ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला. लबाडीचाही बाजार असतो, आणि त्या बाजारात आपण नेहमी शेवटचे गिऱ्हाईक असतो. श्रीमंताला अख्खी उत्तरपत्रिका मिळते. आपल्या वाट्याला खिडकीतून फेकलेली चिठ्ठी येते, आणि भरारी पथकाच्या हाती सापडतो तोही चिठ्ठीवालाच.

तिसरा टप्पा परीक्षेनंतरचा. नियम विद्यार्थ्याला जसे बांधतात तसे विद्यापीठालाही बांधतात, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की, शेवटच्या पेपरापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपलीकडे जाऊ नये. गुण कमी वाटल्यास गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन हे मार्ग आहेत. मात्र त्यांनाही मुदत असते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहण्याचा परीक्षार्थीस हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी निर्णयात सांगितले. गैरप्रकाराचा आरोप आला तर विद्यापीठाच्या समितीपुढे आपले म्हणणे मांडता येते. अशा वेळी पळून जाऊ नये, कागद गिळू नये, पर्यवेक्षकाशी झटापट करू नये. घडले ते खरे लिहून द्यावे. आणि पालकांनी त्या दिवशी मुलास एकटे सोडू नये. एक परीक्षा गेली तर दुसरी येते. गेलेले मूल येत नाही.

अंध वा हाताने लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्यास लेखनिक घेता येतो आणि दर तासास किमान २० मिनिटे, म्हणजे ३ तासांच्या पेपरास १ तास, जादा मिळतो. यासाठी पूर्वीच अर्ज करावा लागतो आणि लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे लागते. ही दयेची भीक नाही, तो हक्क आहे. तो मागण्यास लाजू नये.

आता शेवटचे आणि थोडे अवघड. परीक्षेचा हंगाम आला की संघाच्या पदाधिकाऱ्यांकडे काही बांधव येतात आणि विचारतात, ‘अमुक केंद्रावर आपल्यातले कोणी आहे का? तपासनिसांत आपला माणूस कोण?’ ज्ञातिबांधवांनो, ज्या दालनात आपली जात कोणी विचारत नाही, तेथे आपणच ती का घेऊन जावी? आपल्यापेक्षा संख्येने आणि सत्तेने मोठे असलेले समाज पुष्कळ आहेत. प्रत्येकाने आपापला माणूस शोधू लागल्यास त्या शर्यतीत आपल्या मुलांचा क्रमांक कितवा लागेल, याचा हिशेब ज्याने त्याने घरी करावा. संघाने या कामी कोणाचीही चिठ्ठी देऊ नये, असा ठरावच आजच्या सभेने करावा, ही आमची नम्र सूचना आहे.

त्याऐवजी संघाने करण्यासारखी कामे आहेत. अर्जाच्या मुदतीत दर रविवारी दोन पदवीधर तरुणांनी संघाच्या कार्यालयात बसून विद्यार्थ्यांचे अर्ज भरून द्यावेत. फडावर गेलेल्या घरांतील मुलामुलींची यादी करून मुदतीची बातमी मुकादमाच्या फोनवर का होईना, पण पोहोचवावी. पेपरांच्या दिवसांत या मुलांची राहण्या-जेवण्याची सोय बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील आपल्या घरांनी वाटून घ्यावी. एका घराने एक मूल पंधरा दिवस सांभाळले तरी पुष्कळ झाले. लेखनिक म्हणून बसण्यास तयार असलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांची नोंद ठेवावी. या कामांना मोठी देणगी लागत नाही, केवळ माणसे लागतात, आणि ती या मंडपात बसलेली आहेत.

विद्यार्थिमित्रहो, आज आपला सत्कार झाला, पुष्पगुच्छ मिळाले, टाळ्याही वाजल्या. ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही, पण ज्यांनी स्वतःच्या अक्षरांत लिहून पन्नास टक्के मिळविले, त्यांच्याही कष्टांना आमचा आदरपूर्वक नमस्कार आहे. त्या पन्नासांतील प्रत्येक गुण त्यांच्या मालकीचा आहे. तो कोणाला परत करावा लागणार नाही.