कंपवात : गोळी, घड्याळ आणि शेजारधर्म



इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेली व्याधी आपल्याकडे कंपवात म्हणून ओळखली जाते. मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण होतात. हात कापतात, हालचाल मंदावते, अंग ताठरते. आजची औषधे हा ऱ्हास थांबवीत नाहीत, मात्र लक्षणे आटोक्यात ठेवतात.

मुख्य औषध लेव्होडोपा. मेंदूत त्याचे डोपामिन बनते. सोबतचे कार्बिडोपा ते वाटेतच खर्च होऊ देत नाही. आपल्या खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असल्याचे १९३७ साली मद्रासच्या संशोधकांनी दाखविले. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु म्हणूनच गोळीसोबत परस्पर चूर्ण घेतल्यास मात्रा वाढून अनावर हालचाली व भास उद्भवू शकतात. प्रामिपेक्सोलने काहींना जुगाराचा वा खरेदीचा अनावर मोह होतो. तो स्वभावदोष न मानता डॉक्टरांना सांगावा.

मीरा-भाईंदरमधील असंख्य घरांत कर्ती मंडळी सकाळच्या लोकलने निघतात, ती रात्रीच परततात. मग ज्येष्ठांची दुपारची गोळी कोण देणार? व्याधी वाढते तसा एकेका मात्रेचा प्रभाव लवकर ओसरतो. थोड्या विलंबानेही पाऊल जागीच खिळू शकते. आहारातील प्रथिने औषधाच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. ती एकाएकी बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

शेजारच्या आजोबांना ठरल्या वेळी गोळी आणि पेलाभर पाणी देणे, हीदेखील समाजसेवाच होय. तिची सुरुवात आपल्याच जिन्यापासून व्हावी.