जागा सोडून मांडलेला तक्ता

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं होतं, 'तू रसायनशास्त्र शिकवतोस, तर दहा मिनिटं त्यावरच बोल. पण लोक जेवून बसलेले असतील, याचं भान ठेव.' मी विषय निवडला आवर्तसारणी. विषय ऐकूनच काही चेहरे पडलेले इथून दिसतायत. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम... पाढ्यांसारखी घोकलेली ती यादी! पाठ करून घेतल्याबद्दल सरांवर माझा राग नाही. पहिली वीस नावं तोंडावर असल्याशिवाय पुढचं बोलणंच होत नाही. पण मला आज यादीबद्दल नाही, मांडणीबद्दल बोलायचं आहे. कारण ही मांडणी जन्मली ती एका शिक्षकाच्या अडचणीतून.

दिमित्री मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात शिकवत होते आणि विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहीत होते. पहिला खंड संपत आला तेव्हा लक्षात आलं, की सगळी मिळून आठच मूलद्रव्यं नीट सांगून झाली आहेत. त्या काळी ठाऊक होती ६३. म्हणजे उरलेली ५५ दुसऱ्या खंडात बसवायची! पोर्शन संपत नाही म्हणजे काय, हे इथे बसलेल्या शिक्षकांना सांगायला नको. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे एक कुटुंब झालं होतं; त्यानंतर सोडियम, पोटॅशियम हे दुसरं घ्यायचं, हेही ठरलं. पण त्यांच्यानंतर कोण? आणि का? या 'का'ला उत्तर शोधताना १८६९ साली सारणी तयार झाली.

मूलद्रव्यं वजनाने ओळीत लावायची कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. जर्मनीत लोथार मायर जवळपास तिथेच पोचले होते. लंडनमध्ये जॉन न्यूलँड्स यांनी सांगितलं होतं, की दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं, जसा सा रे ग म नंतर पुन्हा वरचा सा येतो. १८६६ साली त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं, तेव्हा एका सभासदाने विचारलं, 'नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का?' आपल्या हजेरीपटासारखी! सभेत हशा पिकला असेल. पुढे १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने न्यूलँड्सना डेव्ही पदक दिलं, पण मधली वीस वर्षं कोण परत देणार?

मग नाव मेंडेलीव्हचं का झालं? माझ्या मते दोन गोष्टींमुळे. त्यांनी जागा रिकाम्या सोडल्या आणि गरज पडली तिथे वजनाचा क्रम मोडला.

रिकाम्या जागांचं आधी सांगतो. वजनाप्रमाणे जस्तानंतर आर्सेनिक येत होतं. पण तसं बसवलं तर ते ॲल्युमिनियमच्या खाली जाऊन पडतं, आणि त्याचा स्वभाव तर फॉस्फरसचा. मेंडेलीव्हनी त्याला उचलून फॉस्फरसखाली ठेवलं आणि मधली दोन घरं मोकळी ठेवली. मोकळ्या घरांना नावं दिली एका-ॲल्युमिनियम आणि एका-सिलिकॉन. हा 'एका' म्हणजे आपला, संस्कृतातला 'एक'. आणखी दूरच्या घरांसाठी 'द्वि' आणि 'त्रि'. रशियन माणसाच्या तक्त्यात संस्कृत आकडे! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचीही मान वर करतात.

नुसती जागा सोडून ते थांबले नाहीत. येणाऱ्या पाहुण्याचं वर्णनही लिहून ठेवलं. एका-ॲल्युमिनियमचं अणुवस्तुमान साधारण ६८, घनता ५.९, आणि कमी तापमानाला वितळणारा धातू. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलियम सापडलं. त्यांनी मोजलेली घनता होती ४.७. मेंडेलीव्हनी रशियातून कळवलं, की नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. ज्याने तो धातू पाहिलासुद्धा नव्हता, तो मोजणाऱ्याला सांगत होता! पुन्हा मोजली आणि ५.९ आली. गॅलियम ३० अंशांच्या किंचित खालीच वितळतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये ते बाटलीतच पाणी होऊन बसेल. पुढे १८८६ मध्ये एका-सिलिकॉन, म्हणजे जर्मेनियम, सापडलं. भाकीत ७२ चं, मोजमाप ७२.६. त्यांची सगळीच भाकितं अशी जमली नाहीत. हायड्रोजनहून हलक्या मूलद्रव्यांबद्दल त्यांनी म्हातारपणी जे लिहिलं, त्यातलं काहीच निघालं नाही.

आता क्रम मोडण्याबद्दल. आयोडीन टेल्युरिअमपेक्षा हलकं आहे: १२६.९ आणि १२७.६. वजनाने आयोडीन आधी यायला हवं. पण मग ते ऑक्सिजन-गंधकाच्या कुटुंबात जाऊन पडतं आणि टेल्युरिअम क्लोरीनच्या. मेंडेलीव्हनी सरळ अदलाबदल केली आणि टेल्युरिअमचं वजन मोजण्यात कुणाची तरी चूक झाली असावी, असं म्हटलं. वजन चुकलेलं नव्हतं, तरी जागा बरोबरच होती. हे कोडं सुटलं १९१३ मध्ये. इंग्लंडच्या हेन्री मोजली यांनी मूलद्रव्यांतून निघणारी क्ष-किरणं मोजली आणि खरा क्रमांक वजनाचा नसून अणुकेंद्रावरच्या धन प्रभाराचा आहे, हे दाखवलं. टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३. पट क्रमांक मिळाला! मोजली पहिल्या महायुद्धात ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीला मारले गेले. वय २७.

तेच गुण पुन्हा पुन्हा का येतात, हे इलेक्ट्रॉनांनी उलगडलं. बाहेरच्या कवचात सारखी बैठक असली की स्वभाव सारखा. ते पुस्तकात आहे, इथे फळा नाही, म्हणून सोडून देतो.

उभ्या रांगेचा व्यवहारात उपयोग काय, असं मला एका पालकांनी विचारलं होतं. मी त्यांना स्ट्रॉन्शियम सांगितलं. तक्त्यात ते कॅल्शियमच्या बरोबर खाली आहे. १९५० च्या दशकात उघड्या हवेत अणुचाचण्या होत होत्या. त्यांतून पडणारं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० गवतावर बसे, गवतातून गाईच्या दुधात येई. शरीर त्याला कॅल्शियमच समजतं आणि हाडांत, दातांत बसवतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये १९५८ च्या अखेरीस लोकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. लाखांवर दात जमले. नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम वाढत गेलेलं दिसलं. १९६३ मध्ये वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्याला कारणं अनेक होती, पण दातांचा पुरावाही लोकांपुढे होता. पाकिटात दात घालून पाठवणाऱ्या त्या आयांना कॅल्शियमच्या खाली कोण बसतो, एवढं कळलेलं पुरेसं होतं.

म्हणून २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून हा धडा गेला, तेव्हा मला वाईट वाटलं. अकरावीत तो आहे, हे मान्य. पण अकरावीला विज्ञान घेणाऱ्यांनाच तो भेटणार. आपल्या तुकडीतले कितीजण दहावीनंतर वाणिज्यला गेले, शेतीत, दुकानात, नोकरीत गेले! त्यांची आवर्तसारणीशी गाठ एकदाच पडली, ती या शाळेत. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात तो धडा आहे. सर, मॅडम, तो 'दोन मार्कांचा' म्हणून घाईत उरकू नका, एवढी माझी विनंती. एक तास फक्त गॅलियमला द्या.

शाळेसाठी मी नवा तक्ता आणला आहे. २०१६ मध्ये शेवटच्या चार मूलद्रव्यांना नावं मिळाली, तेव्हा सातवी ओळ पूर्ण झाली. त्या ११८ मूलद्रव्यांचा हा तक्ता. प्रयोगशाळेतला जुना मात्र काढू नका. त्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्लाय, पण सातव्या ओळीतली मोकळी घरं अजून दिसतात. दोन्ही शेजारी शेजारी लावा. खिळे आणि हातोडी मी बरोबर आणली आहे.