‘वाईट जमीन’ बघायला जाताना
(संघटनेच्या वार्षिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहलीवर बोल, असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. पोटगी, रेशन, कोर्टाच्या तारखा सोडून सहल? मग वाटलं, आपण मोर्चाला, शिबिराला, नातलगांच्या लग्नाला-मयताला गावोगाव फिरतो. पण नुसतं बघायला, स्वतःसाठी, किती जणी घराबाहेर पडलो? म्हणून बोलते.

सप्टेंबरात मी अमेरिकेत मुलीकडे होते. मी, मुलगी आणि तिची शेजारीण अशा तिघींनी ठरवलं, नॉर्थ डकोटा राज्यातलं थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यान बघायचं. मिनियापोलिसहून साधारण नऊशे किलोमीटर. जावई म्हणाले, “तिथे काय आहे? त्यापेक्षा ग्रँड कॅन्यनला जा, निदान माणसं तरी असतील.” खरंच आहे. ग्रँड कॅन्यनला वर्षाला चाळीस लाखांच्या वर माणसं जातात, इथे सात लाखांच्या आसपास. आम्हाला नेमकी तीच गोष्ट हवी होती. गर्दीत बाईला धक्के आणि एकांतात भीती. मग बाईने जायचं तरी कुठे?

त्या प्रदेशाला बॅडलँड्स म्हणतात, म्हणजे वाईट जमीन. लाकोटा लोकांच्या भाषेतलं नावही त्याच अर्थाचं. मऊ मातीचे डोंगर, पावसाने चिरत नेलेल्या घळी, राखी-पिवळ्या थरांमध्ये मधूनच विटेसारखा लाल पट्टा. जमिनीतला कोळसा पेटून वरची माती भाजली जाते, तिचा तो लाल रंग. थर सहा कोटी वर्षांपूर्वीचे. नांगर चालत नाही, गाडी जात नाही, म्हणून जमीन वाईट! हे ऐकून मला हसू आलं. आपल्याकडेही जी कुणाच्या नांगराला दाद देत नाही, तिला हेच विशेषण लावतात.

आता तयारीचं सांगते. उद्यानाचे भाग तीन. दक्षिण भाग मेडोरा गावाला लागून, उत्तर भाग तिथून शंभर किलोमीटरच्या वर, वॉटफर्ड सिटीजवळ. मध्ये एल्कहॉर्न, जिथे रूझवेल्टचा गुरांचा वाडा होता. निदान दोन रात्री हव्यात. उद्यानात हॉटेल नाही, तंबू टाकता येतो. आम्ही मेडोरात खोली घेतली. स्वतःची गाडी लागतेच. मोबाईलची रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून कागदी नकाशा घ्या आणि कुठे जातोय, कधी परतणार ते कुणाला तरी सांगून ठेवा. ही परवानगी मागणं नव्हे, ही खबरदारी. दोन्ही भागांच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे. पाणी भरपूर न्या, नदीचं पिऊ नका. डोंगर खचतात, रस्ते बंद होतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. पाऊस पडला की तिथली माती साबणासारखी होते. मी एकदा बसलेच, साडीऐवजी पँट घातली होती म्हणून निभावलं. बायसन हे आपल्या गव्यासारखं दांडगं जनावर, त्याच्यापासून पंचवीस यार्ड दूर राहायचं. रानघोडे दक्षिण भागातच दिसतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका वळणावर थांबलो होतो. आसपास कुणी नाही. मागून एक गाडी आली आणि थांबली. आम्ही तिघी एकदम गप्प. मुलीने किल्ली मुठीत घट्ट धरली. गाडीतून एक म्हातारं जोडपं उतरलं, दुर्बीण काढून बायसन बघू लागलं. आम्ही हसलो खऱ्या, पण रात्री झोप लागली नाही. भीती आपण घरून बांधून नेतो, असं मला वाटत होतं. पण तिथल्या बाईची भीती निराधार नाही.

उत्तर भागाच्या पूर्वेला फोर्ट बर्थोल्ड हा मंडान, हिदात्सा आणि अरिकारा लोकांचा राखीव प्रदेश आहे. १९७८ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, आदिवासी न्यायालयांना बिगरआदिवासी माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात या उद्यानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जमिनीला संरक्षण मिळालं, बाईचं काढून घेतलं गेलं. २००८ नंतर तिथे तेलाची लाट आली, कामासाठी हजारो परके पुरुष छावण्यांत राहिले. आदिवासी बाया बोलत राहिल्या, लढत राहिल्या. २०१३ साली घरगुती हिंसेपुरता आणि २०२२ साली लैंगिक हिंसेसाठीही आदिवासी न्यायालयांना काही अधिकार परत मिळाला.

तिथेच मिसूरी नदीवर गॅरिसन धरण आहे, १९५३ साली पुरं झालेलं. त्यात या लोकांची दीड लाख एकरांवर जमीन गेली, नदीकाठची सुपीक शेतं आणि गावं बुडाली. त्या जलाशयाला नाव दिलंय साकाकावियाचं. ही हिदात्सांच्या गावात राहणारी मुलगी १८०५ साली तान्हं मूल घेऊन गोऱ्यांच्या शोधमोहिमेबरोबर पार पॅसिफिकपर्यंत गेली. मजुरी तिच्या नवऱ्याला मिळाली, तिला काही नाही. आता जिथे तिच्या माणसांची गावं बुडाली, त्या पाण्याला तिचं नाव! नर्मदाकाठी गेलेल्या मैत्रिणींना यावर वेगळं सांगायला नको.

आणि ज्याचं नाव उद्यानाला आहे, तो रूझवेल्ट? १४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी त्याची आई आणि बायको वारली. दुःख घेऊन तो या रानात आला. इथल्या अनुभवाने आपल्याला घडवलं, असं पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तो सांगे. दुःख खरंच होतं, मी नाकारत नाही. पण त्याची दोन दिवसांची मुलगी? तिला त्याची बहीण ॲना हिने जवळजवळ तीन वर्षं सांभाळलं. म्हणून त्याला रान मिळालं. प्रत्येक पुरुषाच्या एकांतामागे मूल कडेवर घेतलेली एखादी ॲना असते. उद्यान तिच्या नावाचं नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. जागा नॉर्थ डकोटा असो नाहीतर तालुक्याबाहेरचा डोंगर, दोन दिवस आपापसांत वाटून घ्या. एकीने मुलं सांभाळायची, दुसरीने जायचं. पुढच्या वेळी पहिलीने जायचं. जिथे जाल तिथली जमीन कुणाची होती आणि तिथल्या बायका कशा राहतात, ते विचारा. परत आल्यावर बैठकीत सांगा. मी परत आले तेव्हा मुलीने विचारलं, “आई, पुढच्या वर्षी कुठे?” उभ्या जन्मात मला हा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारला. तुम्हीही तो एकमेकींना विचारा.